तळाची चकती

आमच्या समोरच्या दारात राहणारा पावडरशेठ पुढून पाहिला तर मोठा टापटिपीचा माणूस. केस चापूनचोपून बसवलेले, शर्टाला कडक इस्त्री, बुटांची टोकं चकचकीत. पाठमोरा झाला की मात्र दुसराच कोणीतरी निघतो. डोक्यामागे केसांचा एक झुबका कायम उभा, कॉलर एका बाजूने उलटलेली, बुटांच्या टाचांना परवाचा चिखल. मी शाळेत शिकवत असताना सातवीला माझ्या वर्गात होता, तेव्हाही असाच होता. वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी तो पाण्याने भांग भिजवून पुढच्या रांगेत उभा राहिला. मागच्या रांगेतल्या मुलांना समोर दिसत होता तो नेमका झुबका. त्यामुळे त्या फोटोत मागची अख्खी रांग दात काढून हसते आहे आणि पुढे हा एकटा गंभीर.

"अरे, मागूनही कंगवा फिरवावा की," मी म्हटलं होतं.

"बाई, फोटो पुढूनच काढतात ना?"

उत्तर बिनतोड होतं. आणि उत्तर बिनतोड असलं की माणूस सुधारत नाही.

पुढे तो खरोखर चांगला शिकला, रसायनशास्त्रात मोठी पदवी घेतली, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला आणि योगायोगाने आमच्याच मजल्यावर राहायला आला. त्याच्या घरात पाऊल टाकलं की समोर निळा सोफा दिसतो. ऐटबाज आहे. पाठीमागून तो पार फाटलेला आहे, आतला काथ्या लोंबतो, म्हणून भिंतीला घट्ट टेकवून ठेवलेला. त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते. दिवसभर लोकांची अक्षरं लावून आणि दुखणी ऐकून तिची जीभ चांगली धारदार झाली आहे. "आमच्या घरात प्रत्येक वस्तूला भिंत लागते," असं ती म्हणते, आणि म्हणताना नवऱ्याकडे बघते.

तो काय काम करतो हे तो कुणालाही सांगतो. विचारावं लागत नाही. जिन्यात भेटलेल्या गॅस सिलिंडरवाल्याला त्याने, सिलिंडर खांद्यावरच असताना, सगळं समजावून सांगितलं होतं. मला ते इतक्या वेळा ऐकावं लागलं आहे की आता मी शिकवू शकेन. चार्जरसारख्या यंत्राच्या पोटात जे नाजूक सर्किट असतं, त्याच्यावर पाणी-धूळ जाऊ नये म्हणून इपॉक्सी ओततात. इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांतली चिकट द्रव्यं एकत्र केली की दगडासारखी घट्ट होणारी राळ. फुटलेली बशी चिकटवायला आपण वापरतो तीच. सर्किट सुरक्षित राहतं, पण उकडून मरतं, कारण ही राळ उष्णता बाहेर जाऊ देत नाही. भर उन्हाळ्यात एखाद्याला गोधडीत गुंडाळावं, तसं. म्हणून राळेत अशी पावडर मिसळायची, जिच्यातून उष्णता झरझर वाहते. आमच्या शेठची पावडर पांढरी आणि अतिसूक्ष्म. "नॅनो, बाई, नॅनो! केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने बसतील." हे सांगताना त्याच्या स्वतःच्या केसांतही ते हजारोंनी बसलेले असायचे. पावडरशेठ हे नाव त्याला तिथूनच पडलं. तोंडावर आम्ही कुणी म्हणत नाही. त्याची बायको म्हणते.

त्याच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल होतं वाळूवाल्याचं. हा गृहस्थ नोकरीला लागल्यापासून राळेत एकच गोष्ट घालत आला: दळलेली वाळू. तीही भांड्यात मावेल तितकी, पळी उभी राहीपर्यंत. का, असं विचारलं तर म्हणायचा, "डबा उघडला की संपवावा, नाहीतर झाकण हरवतं." जेवणानंतर तो टेबलावर डोकं टेकून झोपायचा आणि उठून पुन्हा वाळू घालायचा. त्याची राळ साध्या राळेच्या तिपटीने उष्णता वाहून न्यायची. कारखान्याचा सगळा माल त्याच राळेवर चालत होता आणि कुणाला तिचा अभिमान नव्हता.

पावडरशेठचा आकडा होता साडेचारपट. तो त्याने दाराच्या पाटीवर लिहिला नाही, एवढंच. लग्नकार्यात कुणी "कसं काय?" विचारलं तरी उत्तर साडेचारपटीपर्यंत जाऊन थांबायचं.

हा आकडा निघायचा कसा, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पावडर मिसळलेली राळ काचेच्या तळाच्या भांड्यात ओतायची. दिवसभर ती सावकाश घट्ट होऊ द्यायची. मग त्या वडीतून नाण्याएवढी चकती कापायची आणि उष्णता मोजायच्या यंत्रात ठेवायची. वडीची वरची बाजू नेहमी ओबडधोबड, बुडबुड्यांनी खरबरीत. तळाची बाजू काचेला टेकलेली, म्हणून तुकतुकीत. यंत्राला सपाट चकती लागते. तेव्हा त्या प्रयोगशाळेत रीतच पडली होती की चकती तळाची कापायची आणि वरचा भाग टाकून द्यायचा. त्यातली सगळ्यांत देखणी चकती शेठ स्वतः निवडायचा, मऊ फडक्याने पुसायचा, आणि तिला सगळे 'नवरदेव' म्हणायचे. "नवरदेव निघाले का मापाला?" असा वाळूवाला झोपेतून उठून विचारायचा. ही रीत शेठने पाडलेली नव्हती. पण त्याच्या स्वभावाला ती मापून शिवल्यासारखी बसली होती.

असं सुखात चाललं असताना प्रयोगशाळेचे साहेब निवृत्त व्हायला आले. त्यांनी शेठला बोलावून सांगितलं, "माझी खुर्ची मी तुमच्यासाठी ठेवलीय असं समजा. फक्त चार्जर बनवणाऱ्या मॅडम येणार आहेत, त्यांच्यासमोर तुमची राळ एकदा करून दाखवा. त्या हो म्हणाल्या की मीही हो."

परीक्षा सोपी होती, आणि त्यानेच सुचवलेली. गरम तव्यासारख्या विजेच्या प्लेटवर दोन ठोकळे ठेवायचे, एक वाळूचा, एक नॅनोचा. दोघांच्या डोक्यावर मेणाचा एकेक थेंब. ज्याच्यावरचं मेण आधी वितळेल, त्याच्यातून उष्णता आधी वर पोचली. "लहान मुलालाही कळेल," तो म्हणाला. साहेबांनी उत्साहाने घरच्या माणसांनाही बोलवा म्हणून सांगितलं. शेठने बायकोला बोलावलं आणि मला. "बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."

खुर्ची दिसू लागली तसं त्याच्या पोटात जळजळायला लागलं. बायकोने दुकानातून पित्ताचं औषध आणून दिलं, पांढरं, बाटलीतलं. आठवडाभर घेऊनही गुण येईना. त्या संध्याकाळी मी त्यांचं वर्तमानपत्र परत करायला गेले होते. शेठने चमच्यात बाटली उपडी केली. आधी काहीच येईना. मग बुडावर थापटल्यावर पांढरा घट्ट गोळा थपकन चमच्यात पडला.

"बघा बाई," बायको म्हणाली, "बाटलीवर एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलंय, हलवून घ्या. दुकानात दिवसभर हेच ओरडते मी. आणि घरी हे आठवडाभर वरचं पाणी पीत बसलेत. औषध सगळं तळाशी!"

"तळाशी," शेठ म्हणाला.

"हो, तळाशी. घ्या आता तो गोळा. सात दिवसांचा एकदम."

त्याने गोळा घेतला नाही. रिकामी बाटली दिव्यासमोर धरून तिच्या बुडाकडे बघत राहिला. चमचा दुसऱ्या हातात तिरका झाला आणि सात दिवसांचं औषध निळ्या सोफ्यावर सांडलं. पुढच्या बाजूला. बायको जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून लवकर आला आणि थेट माझ्याकडे. बूट न काढता आत आला, म्हणजे गंभीर होतं. खिशातून कागदात गुंडाळलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. आजवर त्याने कधी वडी उभी चिरून पाहिली नव्हती, ती त्या सकाळी करवतीने चिरली होती. खालचा थर खडूसारखा पांढरा. वर जाता जाता पांढरेपणा विरळ, आणि वरचा अर्धा भाग मधासारखा पिवळा, आरपार. पावडरीचं तिथे नावसुद्धा नव्हतं.

"या कणांना एकमेकांचा भारी लळा असतो, बाई. सुटे राहतच नाहीत. गुठळ्या करतात, जड होतात आणि राळ घट्ट व्हायच्या आत खाली बसतात. आणि आम्ही..." त्याने तुकड्याच्या पांढऱ्या बुडावर बोट ठेवलं. "आम्ही आजवर तळच मोजत आलो."

"म्हणजे साडेचारपट..."

"तळाची."

"आणि सबंध ठोकळ्याची?"

"दीडपट. कशीबशी."

एवढ्यात त्याची बायको मागोमाग आली. दार उघडंच होतं. "साहेबांना सांगितलंत?"

"सांगणार आहे. कार्यक्रम झाल्यावर."

"म्हणजे खुर्चीत बसल्यावर."

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. बाई, तुम्ही सांगा याला काहीतरी." ती चिडली की नवऱ्याला एकेरीत आणते.

मी म्हटलं, "सांग साहेबांना. आज सांगितलंस तर चूक म्हणतील. नंतर सांगितलंस तर दुसरं काही म्हणतील."

"बाई, माझ्याकडे अजून वेळ आहे," तो म्हणाला. शाळेत पेपर काढून घ्यायची वेळ झाली की हेच म्हणायचा.

वेळ त्याने वाया घालवला नाही, एवढं म्हणायला हवं. कण खाली बसू नयेत म्हणून राळ घट्ट होईपर्यंत तो घुसळत राहिला. तिच्यात इतकी हवा शिरली की साबणाचा फेस गोठल्यासारखी वडी निघाली, आणि हवेतून उष्णता जाते म्हणावं तर तेही नाही. मग त्याने पावडरच दुप्पट घातली. राळ भिंतीला लावायच्या लांबीसारखी झाली, ओतता येईना, दाबून भरली तर मधे भेगा. वाळूवाला हे बघत होता. "शेठ, थोडी वाळू देऊ का?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याच्याजवळ खरंच जास्तीची होती.

शेवटी शेठला ती युक्ती सुचली, जी फक्त त्यालाच सुचू शकते. पाच वड्या ओतायच्या, पाचांचे तळ तेवढे कापायचे, आणि एकावर एक चिकटवून एक ठोकळा करायचा. तळच तळ.

प्रयोगशाळेत वाळूवाला कधी जागा असेल याचा नेम नाही, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅलरीत झालं. थरांच्या रेघा दिसत होत्या. त्याने बायकोची नखं घासायची कानस घेतली, समोरची बाजू आणि दोन्ही कडा घासघासून एकजीव केल्या, वरून पांढऱ्या राळेचा एक पातळ हात दिला. ठोकळा संगमरवरासारखा दिसायला लागला. कानस मात्र गुळगुळीत झाली.

"आणि मागची बाजू?" बायकोने विचारलं.

"टेबल भिंतीला लागून आहे."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत?" मी ऐकलं होतं. सातवीपासून ऐकत होते.

कार्यक्रमाला साहेबांनी लांबलचक भाषण केलं. मॅडम ठेंगण्या, शांत, पायात साधे बूट. त्या भाषणभर प्लेटच्या बटणाकडे बघत होत्या. मी पहिल्या रांगेत, शेठची बायको माझ्या शेजारी. भिंतीला टेकलेल्या टेबलावर दोन ठोकळे: वाळूचा करडा, कोपरा उडालेला, आणि नॅनोचा शुभ्र. वाळूवाला खिडकीपाशी उभ्या उभ्या डुलक्या काढत होता.

मेणाचे लाल थेंब ठेवले. प्लेट सुरू झाली. सगळे माना पुढे काढून बसले. शुभ्र ठोकळ्यावरचा थेंब आधी ओलसर झाला, मग चमकला आणि कडेने ओघळला. वाळूवरचा अजून तसाच, टिकलीसारखा. टाळ्या वाजल्या. साहेब उठून शेठच्या पाठीवर थाप मारायला निघाले, आणि शेठ, पाठ दाखवायची सवय नसल्यामुळे, त्यांच्याकडे तोंड करून गर्रकन वळला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "जरा बघू तो ठोकळा."

"गरम आहे!" शेठ जवळजवळ ओरडला.

"प्लेट बंद करा ना. थांबते मी."

प्लेट बंद केली. त्याने चिमट्याने दोन्ही ठोकळे उचलून बाजूच्या फरशीच्या तुकड्यावर ठेवले, शुभ्र ठोकळ्याचं तोंड लोकांकडे, पाठ भिंतीकडे. साहेबांनी चहा मागवला. चहा झाला. मॅडमनी पुन्हा हात पुढे केला.

"अजून गरम असेल हो," शेठ म्हणाला.

"पण तुमच्या राळेतून उष्णता झटकन जाते म्हणालात ना?" त्यांनी साधेपणाने विचारलं. "मग ती लवकर निवायला नको का? तो करडा तर त्यांनी हातात घेतलाय."

खरंच, वाळूवाल्याने आपला ठोकळा हातात घेऊन त्यावरचं मेण नखाने खरवडायला सुरुवात केली होती.

इतक्या वर्षांत शेठला बिनतोड उत्तर सुचलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि माझ्या शेजारून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्याची बायको म्हणाली, "निवला असेल हो आता. द्या की त्यांना."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हात पुढे करून ठोकळा उचलला, आणि मॅडमच्या हातात देण्याआधी स्वतःच फिरवून मागची बाजू वर केली. पाच पांढरे थर, मधे पिवळ्या रेघा, एका कोपऱ्यात राळेचा ओघळ.

"हा एक ठोकळा नाही," तो म्हणाला. "पाच तळ आहेत. आमची पावडर खाली बसते. वर काही नसतं. साडेचारपट आहे ती तळाची. सबंध ठोकळ्याची दीडपट."

वाळूवाला मेण खरवडतच होता.

साहेब मुरलेले गृहस्थ. ते आधी सावरले. "म्हणजे मॅडम, हे आमचं थरांचं नवं तंत्र..."

"साहेब, नाही," शेठ म्हणाला. "हे डिंकाचं काम आहे. मी घरी केलं. गॅलरीत."

मॅडमनी ठोकळा निरखून परत दिला. "तळ चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "वरचं जमलं की कळवा. तोवर आम्हाला तो करडाच द्या."

खुर्ची वाळूवाल्याला मिळाली. दुसरं कोणी नव्हतंच. साहेबांची खुर्ची पाठीने उंच आहे, तीत डोकं टेकता येतं, म्हणून आता तो टेबलावर झोपत नाही, एवढाच कारभारात फरक पडला. शेठला त्याने एका शब्दाने दुखावलं नाही. "शेठ, मला त्या पावडरीतलं काही कळत नाही, तुम्ही चालू ठेवा," म्हणाला. माणसाला याहून कठोर शिक्षा कुणी दिली नसेल.

काही दिवस समोरचं दार बंद असायचं. जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघून उतरायचा. सिलिंडरवाल्याने एकदा आपणहून विचारलं, "साहेब, तुमची ती केसाएवढी पावडर?" तेव्हा त्याने फक्त मान हलवली. मला वाटलं, चला, माणूस थोडा निवला.

माझा अंदाज चुकला. महिन्याभराने संध्याकाळी तो आला. हातात तीन चकत्या. त्या टेबलावर ओळीने मांडल्या. "बाई, आता एका वडीच्या तीन कापतो. वरची, मधली, तळाची. तिन्ही मोजतो. तिन्ही सांगतो." आता त्याने शेजारच्या डब्यातली थोडी वाळूही आपल्या पावडरीत घातली होती. जाड वाळूच्या फटींमध्ये बारीक कण अडकून बसतात, खाली जात नाहीत, असं तो म्हणाला. आकडा किती, मी विचारलं.

"पावणेतीनपट. पण तिन्हीकडून!"

"वाळूवाल्याची तिप्पट आहे ना रे?"

"हो," तो म्हणाला. "पण ते कुठे तीन ठिकाणी मोजतात?"

हे आता तो सगळ्यांना सांगतो. आपण भर सभेत कसं खरं बोललो, मेण वितळल्यावर, टाळ्या पडल्यावर, खुर्ची हाताशी असताना. त्या कथेत बायकोचं वाक्य गेल्या काही दिवसांत गळून पडलं आहे. कानशीचा उल्लेख तर पहिल्यापासूनच नव्हता. खरेपणासुद्धा त्याने भिंतीला टेकवून, तोंड लोकांकडे करून, छान मांडून ठेवला आहे. बायको शेजारी बसून ऐकते. मधेच म्हणते, "सोफ्यावरचा डाग दाखवा ना त्यांना." डाग गेला नाही, म्हणून सोफा आता उलटा करून ठेवला आहे. फाटकी पाठ खोलीकडे, पुढची बाजू भिंतीकडे. बसायला स्टुलं आणली.

तरीपण मला एक गोष्ट नाकारता येत नाही. त्या दिवशी ठोकळा त्याने स्वतः फिरवला होता. कुणी हिसकावून घेतला नव्हता. आणि फिरवताना आपण समोरून कसे दिसतो, याची काही व्यवस्था त्याने केलेली नव्हती.

चकत्या कागदात गुंडाळून तो जायला निघाला. "ही वरची तुम्हाला ठेवा, बाई," म्हणून एक खरबरीत चकती माझ्या हातात दिली. बुडबुड्यांच्या खळ्यांनी भरलेली. वर्षानुवर्षं जो भाग टाकून देत होते, तसली. मी ती कपाखाली ठेवायला वापरते, आणि ती चहाची धग टेबलापर्यंत पोचवते. टेबलाचा रंग तिथे उडाला आहे. तेव्हा पावडर चढली असावी वरपर्यंत.

दारातून तो पाठमोरा झाला. कॉलर सरळ होती, टाचा पुसलेल्या होत्या. डोक्यामागे झुबका उभा होता.

"अरे," मी हाक मारली, "तीन ठिकाणी मोजतोस, मग कंगवा?"

"बाई," तो मागे न बघता म्हणाला, "एका वेळी एकच सुधारणा."